हक्क, हजेरी आणि हरकत

(शिरोली एमआयडीसीत कामगार आणि लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पहिली पाळी सुटल्यावर घराकडं न वळता तुम्ही इथं थांबलात, त्याबद्दल आधी आभार. फौंड्रीत आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला इतिहास ऐकवायचा म्हणजे जरा धाडसच आहे. म्हणून फार घोळ घालत नाही.

विषय आहे तृतीयपंथी माणसांविषयी सरकारनं वेळोवेळी केलेले कायदे, आणि त्या कायद्यांना लोकांनी केलेला विरोध. तुम्ही म्हणाल, याचा आणि शिरोलीचा काय संबंध? संबंध रस्त्याचा आहे. आपल्या वसाहतीच्या दारातनं हायवे जातो. उत्तरेला सातारा, पुणे. दक्षिणेला कागल, निपाणी, बेळगाव. या रस्त्यावर कुठल्याही चौकात गाडी थांबली की कधीतरी काचेवर टकटक होते, टाळी वाजते. कुणी दहा रुपये देतं, कुणी काच वर करतं. सिग्नल सुटतो, आपण विसरतो. पण त्या टाळीमागं दोनशे वर्षांचा कागदोपत्री इतिहास आहे. तो मी तीन शब्दांत सांगणार आहे. हक्क, हजेरी आणि हरकत.

पहिला शब्द हक्क. इथं आपल्याला जुन्या मराठी मुलखात जावं लागतं. दख्खनमध्ये मराठी सत्तेच्या काळात हिजड्यांच्या काही परंपरांकडं मागून खाण्याचा मान्य हक्क होता. हा शब्द आज शिवीसारखा वापरतात, पण जुन्या कागदात तोच आहे म्हणून मी वापरतो. ठरलेल्या गावांत फिरायचं, ठरलेलं काही घ्यायचं, आणि काहींकडं तर इनाम जमीनही होती. त्याला सनदेचा आधार होता. म्हणजे बलुतेदाराचं बलुतं, तसं हे. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकानं १९८७ साली यावर इंग्रजीत एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'अस्तित्वाचा हक्क' असा होतो.

मग कंपनी सरकार आलं. जमिनी, वतनं, इनामं यांची तपासणी सुरू झाली. ज्यांच्याकडं सनदा होत्या त्यांनी त्या पुढं केल्या, आमचा हक्क चालू ठेवा म्हणून मागणी केली. लक्षात घ्या, हा माझ्या दृष्टीनं या कहाणीतला पहिला नागरी विरोध आहे. मोर्चा नाही, घोषणा नाही. कागद घेऊन कचेरीत जाणं. सरकारनं शेवटी काय ठरवलं? हे मागणं म्हणजे हक्क नव्हे, ही जबरदस्ती आहे, ती बंद व्हावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो हक्क गेला. माणसं तीच, काम तेच. सरकारी दप्तरातला शब्द तेवढा बदलला.

आता दुसरा शब्द, हजेरी. १८६० साली भारतीय दंड विधान झालं, त्यात ते ३७७ कलम. पण ते सगळ्यांना लागू होतं. खास नाव घेऊन केलेला कायदा आला १८७१ साली. गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याला माहीत असतो. पारधी, कंजारभाट, बेरड यांच्या संदर्भात त्याची चर्चा आपण ऐकलेली असते. त्या कायद्याला दुसरा भाग होता, तो फारसा कुणी सांगत नाही. तो भाग सबंध हिजड्यांविषयी होता.

त्यात काय लिहिलं होतं? सरकारनं यादी करायची. ज्यांच्यावर मुलं पळवल्याचा, त्यांना खच्ची केल्याचा किंवा ३७७ चा संशय आहे त्यांची नावं, त्यांचे पत्ते. गुन्हा सिद्ध व्हायला नको, संशय पुरे. एकदा यादीत नाव लागलं की बाईचे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसायचं नाही, सार्वजनिक ठिकाणी किंवा पैसे घेऊन कुणाच्या घरी नाचायचं-गायचं नाही. तसं केलं तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करता यायचं नाही, दत्तक घेता यायचं नाही, बक्षीसपत्र करता यायचं नाही. म्हणजे जगायची सोय बंद आणि मेल्यावर भांडीकुंडी चेल्याला द्यायची सोयही बंद.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा भाग तेव्हा उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता, मुंबई इलाख्यासाठी नव्हता. १९११ च्या नव्या कायद्यात तो उरलाही नाही. पण कल्पना मेली नाही. १९१९ साली निजामाच्या संस्थानात असाच कायदा झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथंही रजिस्टर, तिथंही वॉरंटशिवाय अटक.

आता त्याच सुमाराला कोल्हापुरात काय चाललं होतं बघा. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागायची. बाहेरगावी जायचं तर परवानगी. शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. तो आदेश तृतीयपंथीयांसाठी नव्हता, उगाच ओढून ताणून मी तसं म्हणणार नाही. पण त्यातलं तत्त्व साधं होतं. माणसानं काय केलं ते बघा, तो कुणाच्या पोटी जन्मला त्यावरून रोज चावडीवर उभं करू नका. माझं आजचं सगळं म्हणणं या एका तत्त्वात आहे. कायदा कृत्यावर असावा, माणसावर नाही.

स्वातंत्र्य आलं. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. पण सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यानं भिक्षा प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्राला तो वारशानं मिळाला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या बघा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, काही विकण्याचं निमित्त करणं, या कशाच्याही नावाखाली सार्वजनिक ठिकाणी भिक्षा घेतली तर ती भीकच. पोलिसांना वॉरंटशिवाय धरता येतं. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृह. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

आता आपल्या भागातला जोगता डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर जग, हातात परडी, भंडारा लावलेला, सोबत चौंडकं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं जोगवा मागतो. आपल्या आया-आज्या त्याला सुपातून धान्य घालत आल्या. सगळेच जोगते तृतीयपंथी असतात असं नाही, पण ज्या पोराचं चालणं-बोलणं घरच्यांना वेगळं वाटलं त्याला देवीचा म्हणून सोडल्याच्या गोष्टी या जिल्ह्यात घराघरात आहेत. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि त्यांवरचा २००९ चा 'जोगवा' हा सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. आता १९५९ ची व्याख्या या जोगत्याला लावा. गाणं आहे, नाच आहे, भिक्षा आहे, रस्ता आहे. कायद्याच्या नजरेनं तो उभा राहिला की गुन्हेगारच. रोज कुणी धरत नाही ही गोष्ट वेगळी. पण कायदा हातात असला की धरण्याची धमकी रोज देता येते, आणि धमकीचा भाव रोज घेता येतो.

इथं थोडं थांबतो, कारण मागं बसलेल्या एका मित्रानं चहाच्या वेळी मला गाठून विचारलं, "सर, ते सगळं खरं, पण दुकानाच्या ओपनिंगला येऊन पाच हजार मागतात, नाही दिले तर तमाशा करतात. त्याचं काय?"

प्रश्न योग्य आहे, तो टाळून चालणार नाही. कुणीही धाक दाखवून पैसे उकळले तर तो गुन्हा आहे. खंडणीचं कलम १८६० पासून आहे, आणि ते टोळीवाल्याला, पुढाऱ्याच्या पोराला, तृतीयपंथीयाला, सगळ्यांना सारखं लागतं. मग वेगळा आदेश कशाला? एप्रिल २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी १४४ कलमाखाली आदेश काढला, की तृतीयपंथीयांनी सिग्नलवर जमून पैसे मागू नयेत, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये. आदेशात कृत्य होतं, पण सोबत एका समाजाचं नाव होतं. आता विचार करा, उद्या एमआयडीसीतल्या चोऱ्यांबद्दल आदेश निघाला आणि त्यात लिहिलं की अमुक जिल्ह्यातून आलेल्या कामगारांनी रात्री दहानंतर रस्त्यावर दिसू नये, तर तुम्हाला चालेल का? चोर धरा म्हणाल. आमच्या गावाचं नाव कशाला घेता म्हणाल. तेच इथं.

आता तिसरा शब्द, हरकत. आणि त्यासाठी हायवेनं दक्षिणेला चला. कागल ओलांडलं, कोगनोळी आली की कर्नाटक. त्या राज्यानं २०११ साली आपल्या पोलीस कायद्यात ३६ अ हे कलम घातलं. पोलीस आयुक्तांना अधिकार दिला की आपल्या हद्दीतल्या, मुलं पळवल्याचा किंवा अनैसर्गिक गुन्ह्याचा संशय असलेल्या हिजड्यांचं रजिस्टर ठेवावं, आणि त्यांच्या हालचालींना मनाई करावी. ऐकल्यासारखं वाटतंय ना? १८७१ चीच भाषा, १४० वर्षांनी. आपलंच सरकार, आपलंच विधिमंडळ.

तिथल्या लैंगिक अल्पसंख्याकांच्या मंचानं उच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये तिचा निकाल लागला तो असा, की सरकारनं सांगितलं, आम्ही कलमातला तो शब्द काढून त्या जागी 'व्यक्ती' असा शब्द घातला आहे. याचिका निकाली. शब्द गेला, रजिस्टरचं कलम राहिलं. याला जिंकणं म्हणायचं का? अर्धं. नागरी लढे असेच असतात, चतकोर मिळते, तिच्यावर उभं राहून पुढची मागायची. त्याच कर्नाटकानं २०२१ मध्ये राज्याच्या नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं. तेही न्यायालयात पाठपुरावा झाल्यावर. देशात असं करणारं ते पहिलं राज्य. आणि हैदराबादचा तो १९१९ चा कायदा? तो तेलंगणा उच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. शंभर वर्षं तो पुस्तकात जिवंत होता. तिथल्याच तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी तो शोधून न्यायालयासमोर ठेवला.

आता दिल्लीकडं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकाल दिला. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. निकालाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, मी कोण हे मी सांगणार, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्यानंतर राज्यसभेत तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक एप्रिल २०१५ मध्ये मंजूर झालं. मग सरकारनं ऑगस्ट २०१६ मध्ये लोकसभेत स्वतःचं विधेयक आणलं. नाव होतं हक्कांच्या संरक्षणाचं. आत काय होतं? एक, व्याख्या अशी की पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही. म्हणजे माणसाची ओळख 'नाही'नं सुरू. दोन, जिल्ह्यात एक छाननी समिती, तिच्यात वैद्यकीय अधिकारी, मानसतज्ज्ञ. त्यांच्यापुढं उभं राहायचं आणि त्यांनी ठरवायचं तुम्ही कोण. तीन, तृतीयपंथीयाला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा. ऐकायला बरं वाटतं, पण घरानं हाकललेल्या पोराला आसरा देणारा गुरूच त्यात पहिला सापडणार.

इथं लोकांनी काय केलं हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडं गेलं. स्थायी समिती सूचना मागवते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? देशभरातल्या तृतीयपंथी संघटनांनी कलमवार निवेदनं दिली. नुसतं 'आमच्यावर अन्याय होतोय' असं नाही. या कलमातला हा शब्द चूक आहे, कारण नालसा निकाल असं म्हणतो, त्याऐवजी हे लिहा, अशी. जुलै २०१७ मध्ये समितीनं अहवाल दिला आणि विधेयकावर बरीच टीका केली. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेनं २७ दुरुस्त्यांसह ते मंजूर केलं. व्याख्या सुधारली, पण छाननी समिती आणि भीकेचं कलम तसंच. देशात ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले. लोकसभेची मुदत संपली, विधेयक रद्द झालं. २०१९ मध्ये ते पुन्हा आलं तेव्हा छाननी समिती नव्हती आणि भीकेचं कलमही नव्हतं. हे कुणाच्या मेहेरबानीनं झालं नाही.

पण सगळं मिळालं नाही हेही सांगतो. २६ नोव्हेंबर २०१९ ला, नेमकं संविधान दिनाला, राज्यसभेनं ते मंजूर केलं. त्यात ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यायचं, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा दाखला, हे राहिलं. तृतीयपंथीयावर लैंगिक अत्याचार केला तर जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. बाईवर झालेल्या बलात्काराला किमान दहा, आणि इथं जास्तीत जास्त दोन. एकाच देशात शरीराची किंमत अशी वेगळी. त्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढं एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, नियमांचा मसुदा आला. मागून खाणाऱ्याचा रस्ता बंद, घरात दाणा नाही, आणि हरकती कळवा म्हणून सरकार सांगतंय. तरी लोकांनी मोबाइलवर बैठका घेऊन हरकती पाठवल्या. मसुद्यातली मानसतज्ज्ञाच्या अहवालाची अट सप्टेंबरच्या अंतिम नियमांत राहिली नाही. प्रतिज्ञापत्र पुरे झालं.

महाराष्ट्रात परत येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. मतांच्या हिशेबात हा आकडा एका विधानसभा मतदारसंघाचंही गणित बदलत नाही. म्हणून पुढारी मागं लागत नाहीत, आणि म्हणूनच हरकत नोंदवणाऱ्याला चिकाटी जास्त लागते. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. जळगावच्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो निवडणूक अधिकाऱ्यानं बाद केला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं अर्ज मान्य केला, आणि त्या निवडूनही आल्या. २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. दोन उमेदवार आधी प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. त्यांच्या बाजूनं आदेश झाला, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयानं खडसावल्यावर तिसरा रकाना आला. एका रकान्यासाठी एवढं! आणि बघा, ज्या पोलीस ठाण्यात १५० वर्षं यांची नावं संशयितांच्या यादीत लिहायची पद्धत, त्याच ठाण्यात वर्दी घालून बसायचा हा अर्ज होता.

भिक्षेच्या कायद्याचं काय झालं? मुंबईचा तो १९५९ चा कायदा दिल्लीला लागू केलेला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आपण केलेला कायदा दिल्लीतनं गेला, आणि आपल्याकडं राहिला. हा कायदा राज्याचा आहे. तो बदलायचा तर दिल्लीला जायला नको, आपला आमदार पुरे. हातकणंगले, कागल, करवीर, कुठलाही. त्याच्याकडं एक पानाचं निवेदन द्यायचं. कलमाचा आकडा लिहायचा, कुठला शब्द काढायचा ते लिहायचं, पोच घ्यायची. पोच महत्त्वाची. इतिहास लिहिणाऱ्याला शेवटी पोचच सापडते.

आणि शेवटचं, ते तुमच्यासाठी. २०१९ च्या कायद्याला मी एवढी नावं ठेवली, पण त्यात एक कामाची गोष्ट आहे. प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा, आणि नोकरीत तृतीयपंथीयाशी भेदभाव करायचा नाही. आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नाही. तुमची फौंड्री, तुमचं मशीन शॉप, तुमचं गॅल्व्हनायझिंग युनिट, सगळं आलं. इथं बसलेल्या मालक मंडळींना विचारतो, तुमच्याकडं हा अधिकारी कोण आहे? नका सांगू, चेहऱ्यावर दिसतंय. पण उद्या सकाळी एखादी तृतीयपंथी व्यक्ती आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन गेटवर आली, तर वॉचमननं तिला पहिला शब्द काय बोलायचा, एवढं तरी आज रात्री ठरवा. ज्याला सिग्नलवरची टाळी नको आहे, त्यानं गेट उघडायला पाहिजे. दोन्ही बंद करून चालणार नाही.

कारखान्यात आपण हजेरीला मस्टर म्हणतो. मस्टरवर नाव लागलं की पगार, पीएफ, ईएसआय, बँकेचं कर्ज, पोराची शाळा. चावडीवरची हजेरी आणि मस्टरवरची हजेरी, दोन्ही याद्याच. पोलिसांच्या यादीत यांचं नाव घालताना कुणी प्रमाणपत्र मागितलं नाही, संशय पुरला. मस्टरवर नाव घालायची वेळ आली की मात्र आपल्याला सगळे दाखले आठवतात. हे उलटं करायचं आहे. दुसरं काही नाही.

वेळ झाली, दुसऱ्या पाळीवाल्यांची सुट्टी संपत आली असेल. प्रश्न असतील तर बाहेर चहावर बोलू.